जिव्या सोमा म्हसे यांचं जाळं

फोनवर 'वारली' असं टाइप करून बघा. चहाचे मग, मोबाइल कव्हर, कुर्ते, उशांचे अभ्रे, लग्नपत्रिका आणि 'शंभर आकृत्यांचं एडिटेबल व्हेक्टर पॅक' अशी रांग लागते. जिव्या सोमा म्हसे या नावापर्यंत पोचायला बरंच खाली स्क्रोल करावं लागतं, आणि तिथे पोचल्यावरही बहुतेक ठिकाणी तीच दोन वाक्यं असतात: त्यांनी वारली कला जगापुढे नेली, आणि त्यांची प्रेरणा निसर्ग होती.

मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. त्यामुळे वारली इतकी का पसरली, याचं एक कोरडं उत्तर माझ्याकडे आहे. वर्तुळ, त्रिकोण, रेघ, एकच रंग. लहान केलं तरी ओळखू येतं, मोठं केलं तरी बिघडत नाही. चांगल्या आयकॉनकडून आम्ही नेमकं हेच मागतो. शिवाय आयकॉन एकटा उभा राहू शकतो, उचलून कुठेही चिकटवता येतो. माझ्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये भिंतभर विनाइल स्टिकर आहे, तारपा नाचाचा. मधे वाजवणारा, भोवती नाचणारे. नीट पाहिलं तर नाचणारी आकृती एकच आहे, बावीस वेळा फिरवून पेस्ट केलेली. आणि रांगेचं मोकळं टोक मिटवून तिचं पूर्ण वर्तुळ केलंय, कारण वर्तुळ लोगोसारखं बसतं. खऱ्या नाचात सगळे तारपावाल्याच्या मागोमाग वळतात, त्याच्याकडे पाठ करत नाहीत, आणि रांग शंखासारखी गुंडाळत-उलगडत राहते. तिचं टोक मोकळं असावंच लागतं, नाहीतर ती पुढे सरकणार कुठून?

म्हसे यांच्या चित्रात ते टोक मोकळं असतं. त्यांची माणसं उचलून दुसरीकडे ठेवता येत नाहीत, कारण ती शेजारच्या माणसाच्या, झाडाच्या, पिकाच्या ओढीने वाकलेली असतात. हा फरक फक्त कारागिरीचा आहे असं मला वाटत नाही. हा एका चित्रकाराने घेतलेल्या निर्णयांचा फरक आहे. आणि 'परंपरा' हा शब्द आपण ज्या सैलपणे वापरतो, त्यात हे निर्णय दिसेनासे होतात.

वासुदेव गायतोंडे यांच्याबद्दल लिहिताना पॉल क्ले किती, झेन किती, यावर पानंच्या पानं खर्च होतात. म्हसे यांच्याबद्दल लिहिताना मात्र 'परंपरा आणि निसर्ग' एवढं म्हटलं की काम झालं. जणू एकाला प्रेरणा मिळते आणि दुसऱ्याला वारसा. एकाने शोधलं, दुसऱ्याला आयतं मिळालं. म्हसे यांना खरोखर काय आयतं मिळालं आणि त्यांनी काय शोधलं, हे वेगळं करून पाहायचा प्रयत्न मी इथे करतोय.

भिंतीवर आधी काय होतं

वारली लग्नात घराच्या आतल्या भिंतीवर चौक काढला जातो. भिंत शेणामातीने सारवून त्यावर गेरू. तांदळाचं पीठ पाण्यात कालवून केलेला पांढरा रंग. टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. काढणाऱ्या बायका, सवासिनी. चौकाच्या मधोमध पालघाट देवी, झाडापेरांची आणि सुफलतेची. शेजारच्या छोट्या देवचौकात पंचशिर्या. धवलेरी गाणी म्हणते, आणि पालघाट चौकात बसल्याशिवाय लग्न लागत नाही. लग्न झालं की चित्राचं काम संपतं. पुढच्या सारवणात भिंत पुन्हा कोरी.

म्हणजे हे चित्र कोणी, कधी, कुठे आणि कशासाठी काढायचं हे सगळं ठरलेलं होतं. त्याला सही नव्हती आणि खरेदीदारही नव्हता.

इथे एक गोष्ट बाजूला करू. 'वारली कला हजारो वर्षं जुनी आहे' हे वाक्य प्रत्येक वेबसाइटवर असतं, कधी कधी ठोक आकड्यासकट. त्याचा आधार बहुतेक वेळा गुहाचित्रांशी असलेलं साम्य हाच असतो. पण जी भिंत दर लग्नाला नव्याने सारवली जाते, ती जुना पुरावा सांभाळून ठेवू शकत नाही. साम्य म्हणजे वंशावळ नव्हे. हा मुद्दा मी अडून धरतोय, कारण 'हजारो वर्षं' म्हटल्याने एक छुपा परिणाम होतो: १९७० नंतर जे घडलं ते किरकोळ वाटू लागतं. एवढ्या मोठ्या काळापुढे एका माणसाची चाळीस-पंचेचाळीस वर्षं ती काय! प्रत्यक्षात आज आपण ज्याला 'वारली चित्र' म्हणतो, कागदावरचं किंवा कापडावरचं, शेतं, नाच, बाजार, जंगल असं सगळं एकत्र असलेलं, ते मुख्यतः त्याच वर्षांत घडलं.

आई, धूळ आणि एक सोपी गोष्ट

म्हसे यांचा जन्म १९३४ सालचा, तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यात, तलासरी तालुक्यातल्या धामणगावचा. पुढचं आयुष्य डहाणू तालुक्यात, गंजाडजवळच्या कळंबीपाड्यावर. ते सात वर्षांचे असताना आई गेली. त्या धक्क्याने बोलणं थांबलं आणि ते धुळीत रेघा काढून सांगू लागले, अशी हकिकत आहे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी हे चित्रकार वारली पाड्यांवर पोचले. याच कुलकर्णींनी त्याआधी, बिहारच्या दुष्काळात, पुपुल जयकर यांच्या सांगण्यावरून मधुबनीत जाऊन तिथल्या बायकांना कागद दिला होता. इथेही त्यांनी कागद दिला. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत म्हसे यांची चित्रं लागली, १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे २००९ चा नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार, २०११ ची पद्मश्री. १५ मे २०१८ रोजी ते गेले.

आईची हकिकत मला हलवते, पण समीक्षेत ती फार सोयीची ठरली आहे असंही वाटतं. म्हसे यांच्यावरचा जवळजवळ प्रत्येक लेख तिथून सुरू होतो आणि प्रेरणेचा प्रश्न तिथेच संपवतो. मूल मुकं झालं, म्हणून चित्रकार झालं. पण दुःख झालेली मुलं गावोगाव असतात. ही हकिकत ते चित्र का काढू लागले हे सांगते. चित्र असं का दिसतं, हे ती सांगत नाही. त्यासाठी चित्राकडेच जावं लागतं.

म्हसे यांच्या चित्रात सगळ्यात आधी जाणवते ती हालचाल. त्यांची रेघ पुष्कळदा सलग नसते. बारीक तुकडे, ठिपके, छोट्या छोट्या फटकाऱ्यांनी ती बनते. पानं, दाणे, मुंग्या, गवत हे सगळं अशा तुकड्यांतून उभं राहतं आणि थोडं लांबून पाहिलं की सगळा पृष्ठभाग थरथरल्यासारखा दिसतो. चौकातली पालघाट स्थिर असते, तिने स्थिरच असायला हवं, कारण तिथे तिला बसवलेलं असतं. म्हसे यांचा प्रश्न वेगळा आहे: न हलणाऱ्या रेघेने हलणारं जग कसं दाखवायचं? मला प्रेरणा या शब्दाचा हाच अर्थ कामाचा वाटतो. आयुष्यात काय घडलं, यापेक्षा कलावंत कुठला प्रश्न पुन्हा पुन्हा हातात घेतो, तिकडे बघावं. म्हसे हा प्रश्न चाळीसहून अधिक वर्षं सोडवत राहिले.

जाळं

त्यांची मासेमारीच्या जाळ्याची चित्रं यासाठी महत्त्वाची आहेत. हा विषय त्यांनी अनेकदा रंगवला. शेणाने सारवलेल्या पृष्ठभागावर पांढऱ्या, केसासारख्या बारीक रेघांचं जाळं. ते चित्राचा इतका भाग व्यापतं की माणूस आणि मासे किरकोळ होऊन जातात. फोनच्या स्क्रीनवर छोटं पाहिलं तर ते टेक्सचर वाटतं, एखादा तयार पॅटर्न भरल्यासारखं. मग दोन बोटांनी मोठं करा. एकही घर दुसऱ्यासारखं नाही. कुठे ताणलेलं, कुठे ढिलं, कुठे दुमडून दाटलेलं. कॉम्प्युटरवर पॅटर्न भरताना आपण एक चौकोनी तुकडा घेतो आणि तो चारी बाजूंनी पुन्हा पुन्हा लावतो. इथे असा तुकडा सापडतच नाही. पाण्याचा जोर आणि मासेमाराच्या हाताची ओढ प्रत्येक घराच्या आकारात उतरलेली असते. पाणी जवळजवळ न काढता त्यांनी पाणी दाखवलं आहे.

हे आलं कुठून? एक उत्तर उघड आहे. ओढ्यात, खाडीत, पावसाळ्यात तुंबलेल्या शेतात मासे धरणं हे तिथलं रोजचं काम आहे. जाळं हातात धरल्याशिवाय कुठे ताण येतो, कुठे ढिल पडते हे कळत नाही. पण मला दुसरं उत्तरही दिसतं, आणि ते माझं वाचन आहे, तसंच ते घ्यावं. लग्नाच्या चौकाला किनारी असतात. नागमोडी, साखळ्या, तिरप्या रेघांची दाट नक्षी, एकीत एक. मधली देवी थोड्याच रेघांत होते, बायकांचा बराचसा वेळ आणि हात या किनारींत जातो. म्हसे यांच्या जाळ्यात मला ती किनार दिसते. ती चौकाच्या कडेवरून निघून मधे आली आहे, तिने सगळी जागा घेतली आहे आणि देवीच्या जागी काम करणारा एक छोटा माणूस उरला आहे. बायकांच्या हातातली जी गोष्ट चौकट म्हणून होती, तिचं त्यांनी चित्र केलं.

हे वाचन पटलं तर परंपरा या शब्दाला काहीतरी नेमका अर्थ येतो. घेतली काय, तर किनार. बदललं काय, तर तिची जागा. प्रत्येक कलावंत असंच करतो. गायतोंडेही.

निसर्गाशी एकरूप?

आता दुसऱ्या शब्दाकडे येऊ. वारली चित्रांवरच्या मजकुरात 'निसर्गाशी एकरूप, साधं, आनंदी जीवन' हे इतक्या वेळा येतं की ते वॉटरमार्कसारखं दिसेनासं झालंय.

म्हसे ज्या भागात वाढले त्याचा इतिहास मराठी वाचकाला नवा नसावा. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक त्याच टापूबद्दल आहे. जमीनदारांकडे फुकट राबण्याची वेठ. आणि लग्नगडी. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि त्या कर्जापोटी नवरा-बायकोने त्याच्याकडे राबत राहायचं, अनेकदा आयुष्यभर. या सगळ्याविरुद्ध १९४५ मध्ये उठाव झाला. त्याची सुरुवात तलासरी भागातल्या झरी गावच्या सभेपासून झाली. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला, माणसं मेली. जिव्या म्हसे तेव्हा अकरा वर्षांचे होते आणि त्यांचा जन्म त्याच तालुक्यातला.

लग्नगडी हा शब्द आणि लग्नाचा चौक शेजारी ठेवून पाहा. ज्या लग्नासाठी पालघाट भिंतीवर येत होती, तेच लग्न अनेकांच्या गुलामीची सुरुवात होती. सुफलतेच्या देवीपुढे उभं राहिलेलं जोडपं दुसऱ्या दिवसापासून दुसऱ्याच्या शेतात. या कलेला 'आनंदी आदिवासी जीवनाचं दर्शन' म्हणणाऱ्याला या पार्श्वभूमीवर काहीतरी उत्तर द्यावं लागेल.

म्हसे यांच्या चित्रांत उठाव आहे असं मी म्हणणार नाही. मी पाहिलेल्या चित्रांत सावकार नाही, बंदूक नाही. नसलेल्या गोष्टी चित्रात घुसवणं हा 'निसर्ग' म्हणण्याइतकाच आळस आहे. पण जे आहे ते नीट पाहिलं तर त्यात काम आहे. लावणी, कापणी, झोडणी, पाखडणं, ओझी वाहणं, झाडावर चढणं, जाळं ओढणं. त्यांचा निसर्ग हा कामाची जागा आहे. आणि हे काम माणसं स्वतःसाठी, एकमेकांसोबत करताना दिसतात. ज्या समाजाच्या आठवणीत दुसऱ्यासाठी फुकट राबणं इतकं ताजं आहे, तिथे आपल्या शेतात आपलं भात झोडणारी माणसं इतक्या प्रेमाने, इतक्या वेळा काढणं याला मी साधेपणा म्हणू शकत नाही. आपलं शेत असणं ही तिथे मिळवलेली गोष्ट होती.

नाव कुणाचं

१९८९ मध्ये पॅरिसच्या पॉम्पिदू सेंटरमध्ये 'मॅजिशियन्स द ला तेर' नावाचं प्रदर्शन झालं. युरोप-अमेरिकेतले नामवंत आणि उरलेल्या जगातले कलावंत एकाच छताखाली, असा त्याचा गाजावाजा होता. त्यात जिव्या सोमा म्हसे होते. मध्य प्रदेशातल्या पाटणगढचे जनगढसिंह श्यामही होते. इंग्रज कलावंत रिचर्ड लाँग यांचं भिंतीवरचं चिखलाचं मोठं वर्तुळ होतं, आणि त्याच्या पुढ्यात जमिनीवर ऑस्ट्रेलियातल्या युएन्डुमू इथल्या आदिवासींचं भूमिचित्र. या मांडणीवर पुढे खूप टीका झाली. वर भिंतीवर एकाचं नाव, खाली जमिनीवर एका समूहाचं.

योगायोग असा की पुढे लाँग आणि म्हसे एकत्र आले. २००३ मध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फला दोघांचं संयुक्त प्रदर्शन झालं. लाँग यांचं १९६७ चं गाजलेलं काम म्हणजे गवतावरून पुन्हा पुन्हा चालून उमटवलेली एक सरळ रेघ. चालणं हीच कला, असा तो विचार. त्यावर कलेच्या इतिहासात प्रकरणं आहेत. म्हसे यांनीही रेघ, पाऊल आणि हालचाल यांचाच विचार आयुष्यभर केला. एकाच्या बाबतीत आपण 'संकल्पना' म्हणतो, दुसऱ्याच्या बाबतीत 'जमातीची शैली'. दोघांना शेजारी टांगल्याने हा फरक आपोआप जात नाही. तो भिंतीवरच्या पाटीत आणि आपल्या लिहिण्यात असतो.

जनगढसिंह श्याम यांची गोष्ट यात आणखी एक वळण घालते. ते परधान गोंड. परधान हे गाणारे, बाना वाजवून गोंडांचे देव आणि वंश गाणारे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जगदीश स्वामीनाथन यांच्या चमूने त्यांना भोपाळच्या भारत भवनात आणलं. जे देव गाण्यात होते ते जनगढ यांनी ठिपक्यांत आणि रंगांत आणले. म्हणजे तिथे प्रेरणा कानातून आली. त्यांनी घडवलेल्या शैलीला 'जनगढ कलम' असं नाव मिळालं, जमातीचं नव्हे तर माणसाचं. पण २००१ मध्ये जपानच्या निइगाता प्रांतातल्या मिथिला म्युझियममध्ये चित्रं काढायला गेलेले जनगढ तिथेच गेले. त्यांनी स्वतःला संपवलं. वय चाळिशीच्या आत. शैलीला नाव मिळालं म्हणून माणूस सुरक्षित झाला नाही.

मग आपण 'म्हसे कलम' म्हणायचं का? मला मोह होतो, पण इथे एक अडचण आहे आणि ती टाळणं अप्रामाणिक होईल. चौक बायकांचा होता. कागद आला, बाजार आला, पुरस्कार आले, आणि चित्रकार म्हणून जी नावं पुढे आली ती बहुतांशी पुरुषांची. ज्या सवासिनींच्या किनारींतून जाळं आलं असं मी वर म्हटलं, त्यांच्यापैकी एकीचंही नाव मी या लेखात लिहू शकलेलो नाही. भिंती सारवल्या गेल्या आणि नावं कोणी टिपून ठेवली नाहीत. म्हसे यांना परंपरेतून सोडवून एकट्याच्या प्रतिभेच्या चौथऱ्यावर बसवलं तर आपण तीच चूक उलट्या बाजूने करू.

कायदाही या दोन टोकांमध्येच अडकलेला आहे. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे. ते समूहाच्या नावाचं रक्षण करतं. म्हसे यांनी काढलेल्या चित्रांवर कॉपीराइट आहे. आपल्या कायद्यानुसार तो मृत्यूनंतर साठ वर्षं, म्हणजे २०७८ अखेरपर्यंत राहील. तो एकेका चित्राचं रक्षण करतो. पण शैलीवर कोणाचाच कॉपीराइट नसतो. तुकड्या-तुकड्यांची ती थरथरती रेघ, चित्रभर पसरलेलं जाळं, यांची उसनवारी करणाऱ्याला कायदा काही विचारत नाही. आता 'वारली स्टाइलमध्ये मेट्रो ट्रेन काढ' असं एआयला सांगितलं की सेकंदात चित्र येतं. त्यात वर्तुळं, त्रिकोण सगळं असतं. माणसं मात्र एकमेकांकडे ओढलेली नसतात, जवळजवळ ठेवलेली असतात.

कायदा जे करू शकत नाही त्यातला काही भाग समीक्षेने करायला हवा, असं मला वाटतं. तो भाग फार मोठा नाही. चित्राखाली 'वारली चित्र' एवढंच न लिहिता काढणाऱ्याचं किंवा काढणारीचं नाव लिहायचं. 'परंपरा' म्हणताना परंपरेतलं नेमकं काय हे सांगायचं: किनार, चौक, रेघ, की नुसता पांढरा रंग? 'निसर्ग' म्हणताना त्या निसर्गात कोण राबत होतं आणि कुणासाठी, हे विचारायचं. आज कळंबीपाड्यावर, गंजाडला, डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर कितीतरी तरुण मुलंमुली चित्रं काढतात, ऑनलाइन विकतात. त्यांच्यापैकी कोणीतरी आत्ता म्हसे यांच्या जाळ्यातून काहीतरी उचलून त्याची जागा बदलत असेल. ते आपल्याला ओळखू यायचं असेल तर आधी म्हसे यांनी काय बदललं ते दिसायला हवं.

त्यांचं जाळ्याचं एखादं चित्र शोधा, शक्य तेवढ्या मोठ्या फाइलमध्ये. एका टोकापासून सुरू करा आणि एकच दोरी बोटाने धरून दुसऱ्या टोकापर्यंत जायचा प्रयत्न करा. वेळ लागेल. काढायला त्याहून जास्त लागला होता.